कट्टा म्हणजे किती किलो?

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. कुडव्यातल्या घराच्या माडीवर पंखा थांबलेला, कारण लाइन गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. फोनवर एका राइस मिलचे मुनीमजी होते. ते चिडलेले असते तर तिला बरं वाटलं असतं, पण ते हसत होते. त्यांच्या गोदामात चारशे वीस क्विंटल धान होता आणि स्क्रीनवर बेचाळीस हजार क्विंटल दिसत होता.

"मॅडम, एवढा धान ठेवाले गोदाम बी कंपनीच देनार काय?"

चूक शोधायला दोन तास लागले, दुरुस्त करायला चार मिनिटं. ट्रकचा वजनकाटा वजन किलोत देतो. काट्याशी बोलणारा कोड ते आकडे शंभराने भागून, क्विंटल करून पुढे पाठवायचा. त्या कोडवर नव्याने आलेल्या मुलाला हा भागाकार निरर्थक वाटला. काटा किलोत सांगतो तर किलोच पाठवावेत, किलो-किलोचा हिशेबही नीट राहील. त्याने भागाकार काढला. विचार बरोबर होता. फक्त पुढे रिपोर्ट बनवणारा कोड अजून क्विंटलच येतायत असं धरून चालला होता, आणि तो कोड दुसऱ्या रेपोत होता. त्या मुलाला ती रेपो दिसतच नव्हती.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मंगळावर निघालेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान याच जातीच्या चुकीने गेलं. एका चमूचं सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात आकडे देत होतं, दुसऱ्याचं न्यूटनमध्ये घेत होतं. मुनीमजींचं नुकसान त्या मानाने काहीच नव्हतं. पण त्या रात्री माडीवर डास मारत बसलेल्या तिच्या डोक्यात चुकीपेक्षा दुसरीच गोष्ट घोळत होती. आपण सगळे एकाच कंपनीत, एकाच वस्तूवर काम करतो, आणि आपल्याला एकमेकांचं काम दिसत नाही.

कंपनी पुण्यातली, छोटी. गोदामं, मिली आणि शेतमालाच्या व्यापाऱ्यांसाठी साठा नि बिलांचं सॉफ्टवेअर बनवणारी. ती तिथे लागली तेव्हा कुडव्याहून पुण्याला जाणं म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून अख्खं राज्य आडवं कापणं. गोंदियाहून निघालेली ती गाडी थेट कोल्हापूर गाठते. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि उन्हाळ्यात, तिने हा प्रवास केला. मग मार्च २०२० आला. ती आठवड्याभराचे कपडे घेऊन घरी आली आणि गाड्या बंद झाल्या. पुढे गाड्या सुरू झाल्या, पण तोवर कंपनीने पुण्यातला अर्धा मजला सोडून दिला होता आणि तिने माडीवर टेबल टाकलं होतं.

कुडवा म्हणायला गाव. गोंदिया शहर त्याला इतकं येऊन चिकटलंय की कुडवा नाक्यापाशी शहर कुठे संपतं ते अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. एकेकाळी जिथे धानाच्या बांध्या होत्या तिथे आज प्लॉट पडलेत. तरी पावसाळ्यात थोडं बाहेर पडलं की रोवणी चाललेली दिसते, आणि दिवाळीनंतर मिलींकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. ज्या मालाचा हिशेब कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवत होतं तो माल तिच्या खिडकीखालून जात होता. हे पुण्यातल्या कोणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

रेपो म्हणजे काय हे ज्यांना रोज सांगावं लागत नाही ते सुखी. रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार. पण नुसतं कोठार नव्हे, त्याच्याबरोबर एक वही असते. कोणती ओळ कोणी, कधी आणि काय कारण देऊन बदलली, हे त्यात कायमचं नोंदलेलं राहतं. बदल करायचा तर त्याची एक विनंती टाकायची, तिला पीआर म्हणतात. कोणीतरी ती वाचतो, हरकत घेतो किंवा हो म्हणतो, मग ती मुख्य कोडात मर्ज होते. आज बहुतेकांची ही वही गिट नावाच्या साधनात असते. लिनस टोरवाल्ड्सने ते एप्रिल २००५ मध्ये लिहिलं, आणि त्यामागेही एक भांडणच होतं. लिनक्सवाले तोवर बिटकीपर नावाचं दुसऱ्या कंपनीचं साधन फुकट वापरत होते. वापराच्या अटींवरून बिनसलं, ती सवलत गेली, आणि काही दिवसांत गिट उभं राहिलं.

तर तिच्या कंपनीत अशा नऊ रेपो होत्या. मोबाइल ॲपची एक, वेबची एक, वजनकाट्याची एक, बिलांची, रिपोर्टची, आणि सगळ्यांना लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची 'कॉमन'. बाकीच्यांची नावं आता कोणाला आठवत नाहीत. ही मांडणी कोणी बसून ठरवलेली नव्हती. मोबाइलची रेपो वेगळी, कारण पहिलं ॲप बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं होतं आणि त्याला बाकीचा कोड दाखवायचा नव्हता. रिपोर्टची वेगळी, कारण ते काम सुरू करणाऱ्याला दुसरी भाषा आवडायची. तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. भिंत मागे राहिली होती.

मेल्विन कॉनवे नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने हे १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तसाच आकार त्यांनी बांधलेल्या यंत्रणेला येतो, असं त्याचं म्हणणं. हा लेख त्याने आधी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूला पाठवला होता. सिद्ध केलेलं नाही म्हणून त्यांनी परत केला. मग तो डेटामेशन मासिकात आला, आणि पुढे फ्रेड ब्रूक्सने आपल्या पुस्तकात त्याला 'कॉनवेचा नियम' म्हटल्यावर तो जगभर गेला. कुडव्यातून तिला जे दिसत होतं ते या नियमाचं उलटं टोक होतं. माणसं बोलायची थांबली तरी आकार टिकतो, आणि मग तो आकारच पुढच्या माणसांनी कोणाशी बोलायचं ते ठरवतो.

पुण्यात असताना हे जाणवलं नव्हतं. रिपोर्टवाले तिच्या पाठीमागेच बसायचे. खुर्ची वळवली की काम होत असे, उरलेलं साडेचारच्या चहाच्या टपरीवर. नऊ रेपोंच्या नऊ भिंतींना चहाने खिडक्या पाडलेल्या होत्या. कुडव्यात चहा होता, टपरीवरचं बोलणं नव्हतं. तिच्यापुरती आता कचेरी म्हणजे रेपोच. तिथे कोण आलं, कोण अडलं, कोण कोणावर खेकसलं, हे सगळं तिथूनच कळायचं. आणि या कचेरीतल्या नऊपैकी पाच खोल्यांची किल्ली तिच्याकडे नव्हती.

एकदा बिलांच्या टीममधल्या कोणीतरी गटात एक लिंक टाकली, "हे बघून घ्या" म्हणून. तिने उघडली तर ४०४, पान सापडत नाही. लिंक चुकली असेल म्हणून तिने विचारलं. लिंक बरोबर होती. कंपनीच्या रेपो गिटहब या संकेतस्थळावर होत्या. तिथे खासगी रेपोची परवानगी नसली तर 'तुम्हाला परवानगी नाही' असं येत नाही. असं काही नाहीच, असं उत्तर येतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच आहे. पण आठ वर्षांपासूनची मैत्रीण दार अर्धवट उघडून "इथे कोणी राहत नाही" म्हणाल्यावर जसं वाटेल, तसं तिला त्या दिवशी वाटलं. परवानगी मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने मागितली नसती तर मात्र कोणाला ती द्यावीशी वाटलीही नसती.

बोलण्यातही ते उतरलं होतं. 'त्यांच्याकडून आलंय', 'आपल्या बाजूने ओके आहे'. बेचाळीस हजार क्विंटलांच्या रात्रीनंतर जो कॉल झाला, त्यात काट्यावाल्या मुलाने सांगितलं, "आमच्या रेपोतल्या सगळ्या टेस्ट पास आहेत." रिपोर्टवालीने सांगितलं, "आमच्याही." दोघंही खरं बोलत होते.

त्याच आठवड्यात तिने एक उद्योग केला. नऊही रेपोंची परवानगी घेतली आणि वजनाचं रूपांतर करणारा कोड कुठे कुठे आहे ते शोधलं. चार ठिकाणी निघाला. एके ठिकाणी बॅग म्हणजे ५० किलो. दुसरीकडे कट्टा म्हणजे ४०. तिसरीकडे पोतं, म्हणजे १००. चौथ्या ठिकाणी बॅगचं वजन सेटिंगमधून यायचं आणि सेटिंग रिकामं असेल तर शून्य धरलं जायचं. चौघांनीही 'कॉमन'मधलं सामाईक रूपांतर वापरायला हवं होतं. पण 'कॉमन'मध्ये बदल करायचा म्हणजे तिथे पीआर टाकायचा, कोणी बघेल याची वाट पाहायची, नवी व्हर्जन निघाली की आपल्या रेपोत ती चढवायची, आणि चढवताना दुसऱ्याच कशाची तरी मोडतोड झाली तर ती निस्तरायची. एवढ्यात पाच दिवस जात. तीन ओळी स्वतःच्या घरात लिहून टाकायला पाच मिनिटं लागत. कोणीही हेच केलं असतं.

धानाचा कट्टा ४० किलोचा हे तिला घरातूनच माहीत होतं. हमीभावाच्या केंद्रावर बाबांबरोबर ती लहानपणी गेलेली. तिथे वाद ४० वरून नसतोच, बारदान्याचं वजन वर किती धरायचं यावरून असतो. भरडाईला धान गेला की क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा, आणि तो तांदूळ येतो ५० किलोच्या बॅगेत. म्हणजे एकाच मिलमध्ये आत जाणारं पोतं आणि बाहेर पडणारं पोतं वेगळं. पुण्यात ज्यांनी ५० लिहिलं होतं ते तांदूळ बघत होते. तिने ४० लिहिलं होतं, ती धान बघत होती.

रेपो एक करायच्या, असं टीम लीडने जाहीर केलं तेव्हा त्याच्या बोलण्यात गूगल येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आलंच. गूगलच्या रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये एसीएम या संगणक-संघटनेच्या मासिकात आकडे दिले होते. एकाच रेपोत सुमारे दोनशे कोटी ओळी, ९० लाख सोर्स फायली, ८६ टेराबाइट, आणि त्यात काम करणारे २५,००० च्या वर डेव्हलपर. लीडने हे स्लाइडवर टाकलं. त्याच लेखात ही गोष्ट चालवायला गूगलने स्वतःची केवढी यंत्रणा बांधली आणि ती बांधायला किती माणसं लावली, हेही लिहिलंय. ती स्लाइड नव्हती.

संध्याकाळी तिने आजोबांना, आबाजींना, सांगायचा प्रयत्न केला. आबाजींना कंप्युटर समजत नाही, वाटणी समजते. घरचं शेत चार भावांत फाटलेलं. शेतांमधले धुरे वाढत गेले, बांध्या लहान होत गेल्या, आणि कोण कोणाचा धुरा कोरतो यावर दोन पिढ्यांचं बोलणं तुटलेलं. ती म्हणाली, आम्ही मधले धुरे काढून टाकतोय, सगळं शेत पुन्हा एक.

आबाजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "धुरा काढला त ठीक. पन वरच्या बांधीतलं पानी खाली कोन सोडनार, कवा सोडनार, हे ठरलं काय?"

नव्हतं ठरलं.

एकत्र करण्याचं काम तिनेच दिवाळीच्या आठवड्यात केलं, इतिहासासकट. नऊ वह्यांची पानं तारखेप्रमाणे एका वहीत येताना तिला कंपनीची आठ वर्षं सलग वाचायला मिळाली. जी माणसं तिने कधी पाहिली नव्हती त्यांच्या रात्री दोनच्या नोंदी. 'तात्पुरतं केलंय, सोमवारी नीट करतो' अशी पाच वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारची नोंद. त्यानंतर त्या माणसाची एकही नोंद नाही.

पहिले पंधरा दिवस सणासारखे गेले. काट्यात किलो करायचे आणि रिपोर्टमध्येही किलो घ्यायचे, हे एकाच पीआरमध्ये झालं; दोन्ही बाजूंच्या माणसांनी तो एकत्र वाचला. वजनाची चार रूपांतरं गेली, एक राहिलं. सांगलीहून घरून काम करणारा एक सहकारी, ज्याच्याशी वर्षभरात तिचं 'हॅपी बर्थडे'पलीकडे बोलणं नव्हतं, तो तिच्या कोडखाली प्रश्न विचारू लागला. चांगले प्रश्न होते.

मग त्रास सुरू झाला. मोबाइलमधलं एक बटण हिरवं केलं तरी नऊच्या नऊ भागांच्या टेस्ट धावायच्या, पन्नास मिनिटं. दुपारी कोणीतरी बिल्ड मोडून जेवायला गेला की बाकीचे सगळे बसून. पूर्वी एका खोलीची वीज जायची, आता अख्ख्या वस्तीची. सगळ्यांना सगळ्याच्या सूचना येऊ लागल्या, दिवसाला शंभराच्या वर, आणि आठवड्याभरात सगळ्यांनी सूचना बंद केल्या. आधी भिंतीमुळे दिसत नव्हतं, आता गर्दीमुळे दिसेना. 'कॉमन' फोल्डरात तर कोणीही काहीही टाकू लागलं. तिथला पीआर कोणीही मंजूर करू शकत होता, म्हणून वाचत कोणीच नव्हतं.

भंडारा-गोंदियाच्या माणसाला हे चित्र नवीन नाही. इथे मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी ते बांधले, मालगुजारांच्या काळात गाव ते राखत होतं. गाळ कधी काढायचा, पाळ कोणी बघायची, पाणी आधी कोणाच्या बांधीला, हे ठरलेलं असायचं. ती व्यवस्था न्याय्य होती असं नाही, मालगुजाराचं वजन त्यात होतंच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मालकी सगळ्यांची झाली आणि गाळ काढायची पाळी कोणाचीच राहिली नाही. किती तरी तलाव उथळ होत गेले.

'कॉमन' फोल्डर उथळ व्हायला सहा महिने पुरले.

लिनक्सच्या कर्नलचा कोडही एका झाडात आहे, जगभरातली हजारो माणसं त्यात हात घालतात. पण तिथे मेंटेनर्स नावाची एक लांबलचक फाइल असते. कोणत्या भागाकडे कोण लक्ष देतो ते त्यात माणसाच्या नावानिशी लिहिलेलं असतं, आणि त्यापुढे त्या भागाची अवस्था. त्या अवस्थांमध्ये एक शब्द आहे, ऑर्फन. अनाथ. या भागाला कोणी वाली नाही, हे जाहीर लिहून ठेवण्याची पद्धत तिला फार आवडली. आपल्याकडे वाली नसलेल्या गोष्टीला आपण सामाईक म्हणतो.

गिटहबवर २०१७ पासून अशीच एक सोय आहे, कोडओनर्स नावाची साधी फाइल. डावीकडे फोल्डरचं नाव, उजवीकडे माणसांची. त्या फोल्डरात बदल आला की त्या माणसांना आपोआप बोलावणं जातं, आणि तसं ठरवलं तर त्यांच्या होकाराशिवाय मर्ज होत नाही. ही फाइल लिहायला दहा मिनिटं पुरावीत. टीमला तीन कॉल लागले. मोबाइल, वेब, बिलं हे भराभर झालं. 'वजन-मापं' फोल्डर आला आणि सगळ्यांचे माइक बंद. तिने स्वतःचं नाव टाकलं. थोड्या वेळाने सांगलीच्या सहकाऱ्याने आपलं टाकलं.

या सगळ्यात एक माणूस दुखावला गेला, आणि त्याचं दुखणं टीमने बरेच दिवस ओळखलं नाही. काट्याची रेपो आधी एका जुन्या इंजिनिअरने वाढवली होती, तो नवा मुलगा त्याच्याच हाताखाली आलेला. त्याचा कोड देखणा होता. नावं विचार करून ठेवलेली, प्रत्येक फायलीच्या डोक्यावर दोन ओळींचं टिपण, ओळींची मांडणी त्याच्या खास पद्धतीची. एकत्र झाल्यावर सगळ्या कोडाला एकच फॉरमॅटर लावला गेला आणि एका रात्रीत त्याच्या हजारो ओळी बाकीच्यांसारख्या दिसू लागल्या. तो कॉलवर काही बोलला नाही. रिव्ह्यू करायचा थांबला. एकदा उशिरा फोनवर तिला म्हणाला, "अंगणात तुळस होती, सोसायटीने पेव्हर ब्लॉक टाकले."

यावर एकी वाढवण्याचं कुठलंही भाषण उपयोगाचं नव्हतं. पण त्याच सुमारास वेगळ्याच कारणाने काट्याचा प्रश्न वर आला. काट्याशी बोलणारा कोड मिलमधल्या जुन्या कंप्युटरवर बसतो. वर्षातून दोनदा बदलतो, आणि बदलला तरी प्रत्येक मिलमध्ये जाऊन चढवावा लागतो. बाकीचा कोड आठवड्याला दोनदा बदलतो. या दोघांना एका दाव्याला बांधून दोघांचेही हाल होत होते. तेव्हा काट्याचा तेवढा भाग पुन्हा वेगळ्या रेपोत गेला, त्याच माणसाकडे. फक्त या वेळी ती रेपो सगळ्यांना वाचायला उघडी राहिली. आणि वजन बाहेर पाठवताना आकड्याबरोबर एकक पाठवायचंच, नुसता आकडा चालणार नाही, हे आधी ठरलं. आबाजींच्या भाषेत, धुरा परत घातला, पण पाण्याचं ठरवून.

असं मागे-पुढे होणं फक्त छोट्या कंपनीतच घडतं असं नाही. सेगमेंट या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये आपली अशीच गोष्ट मोकळेपणाने लिहिली. त्यांचा कोड आधी एका रेपोत होता. एकाची टेस्ट मोडली की सगळे अडायचे, म्हणून त्यांनी तुकडे केले. तुकडे शंभर-सव्वाशेच्या पुढे गेले, सामाईक लायब्ररीच्या निरनिराळ्या व्हर्जन सगळीकडे साचल्या, आणि तीन इंजिनिअरांचा बहुतेक वेळ नुसतं चालू ठेवण्यात जाऊ लागला. शेवटी ते पुन्हा एका रेपोत आले, पण टेस्टचा मूळ आजारही बरा करून. तिच्या टीमने तो लेख उशिरा वाचला. आधी वाचला असता तरी कदाचित तेच केलं असतं. दुसऱ्याच्या चुकीवरून शिकण्याची तयारी स्वतःची चूक झाल्यावरच येते, असा तिचा अनुभव.

तिला मनापासून आवडलेलं उदाहरण मात्र कॅलिफोर्नियातलं नाही, तिच्याच रेल्वेमार्गावरचं आहे. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की डोंगरगड, दुर्ग, रायपूर करत बिलासपूर येतं. तिथून जवळच गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे. त्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी बाह्मनी नावाची रुग्णालय-प्रणाली बनवायला घेतली. रुग्णाच्या नोंदी, प्रयोगशाळा आणि बिलं यांसाठी आधीपासून असलेली तीन खुली सॉफ्टवेअर त्यांनी एकत्र जोडली. पुढे ती दुसऱ्या देशांतल्या रुग्णालयांतही गेली. तिचा कोड सगळ्यांना उघडा आहे, आणि तो एका रेपोत नाही, बऱ्याच आहेत. तिने एका रविवारी तो चाळला. गाभ्याचा कोड एकीकडे. आणि गनियारीचे स्वतःचे फॉर्म, त्यांच्या पद्धती हे सगळं 'जेएसएस-कॉन्फिग' या वेगळ्या रेपोत. नवं रुग्णालय आलं तर त्याची अशीच वेगळी. गनियारीच्या डॉक्टरला एक प्रश्न वाढवून हवा असेल तर त्यासाठी जगातल्या सगळ्या रुग्णालयांची संमती लागत नाही.

तिने त्यावरून एक गोष्ट उचलली. गिऱ्हाइकागणिक बदलणारी मापं कोडातून बाहेर काढली. मुख्य रेपोतच, पण एका साध्या यादीत, जी कोड न लिहिणाऱ्यालाही वाचता येईल. माल, एकक, किलो. तीन रकाने. कारण मुनीमजींना, पुण्यातल्या सपोर्टच्या मुलीला आणि सांगलीच्या सहकाऱ्याला एकाच वेळी एकाच पानावर बोट ठेवता आलं पाहिजे.

बिल्ड आता बारा मिनिटांवर आलाय. बदललेल्या भागाच्याच टेस्ट धावतात. सूचना ज्याच्या त्याला जातात. भांडणं होतात, पण ती उघड्यावर, कोडच्या खाली, नावानिशी होतात. 'आमच्या रेपोत' हा शब्द कॉलवर ऐकू येत नाही. 'आमच्या फोल्डरात' हा कधीमधी येतो.

गेल्या पावसाळ्यात तिरोड्याचा एक मुलगा इंटर्न म्हणून आला. तोही घरूनच काम करतो. पुण्याची कचेरी त्याने अजून पाहिलेली नाही. पहिल्या दिवशी त्याला सगळ्या रेपो दिसल्या आणि त्यात विशेष काही आहे असं त्याला वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पहिला पीआर टाकला. एकाच ओळीचा. मापांच्या यादीत धानापुढे 'कट्टा, ४०' होतं. तांदळाच्या रांगेत कट्टा नव्हताच, फक्त बॅग होती. त्याने 'तांदूळ, कट्टा, ५०' अशी ओळ वाढवली आणि खाली लिहिलं, आमच्याकडे मिलवाले तांदळालाही कट्टाच म्हणतात जी.

फाइलमध्ये नाव असल्याने तिला बोलावणं आलं, सांगलीलाही गेलं. पुण्यातून एकाने, ज्याला बोलावलं नव्हतं, येऊन विचारलं, "एकच कट्टा ४० पण आणि ५० पण? नक्की किती किलो?" ती छत्री घेऊन खाली उतरली, नाक्याच्या पुढे रस्त्यालगत उभ्या असलेल्या एका ट्रकपाशी गेली, ड्रायव्हरला विचारून दोन्ही पोत्यांचे फोटो काढले आणि पीआरला जोडले. एकावर शिलाईपाशी ५० किलो छापलेलं, दुसऱ्यावर काहीच नाही, नुसती निळी दोरी.

मंजुरी द्यायच्या आधी सांगलीहून शेरा आला. हळदीचं पोतं आमच्या यादीत १०० लावलंय, पण फोटो बघून शंका येतेय. उद्या मार्केट यार्डात जाऊन विचारतो, तोवर ती ओळ कोणी वापरू नका.